परदेशी प्रवेश : अर्जाआधीचे एक वर्ष

उच्च शिक्षणासाठी सातासमुद्रापार जाण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकू लागले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मात्र त्यांनी आधीच मिळवून ठेवली होती. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

या इतिहासात आजच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचे बरेच काही आहे. गुणवत्तेविषयी तेथे शंका नव्हतीच. अडचण आली ती पैशाची आणि मुदतीची. शतकानंतरही चित्र फारसे बदललेले नाही. प्रवेश गुणांवर मिळतो. पण विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसतो की नाही, हे कागद आणि पैसा योग्य तारखेला योग्य जागी आहेत की नाहीत यावर ठरते. म्हणून परदेशी प्रवेशाची तयारी अर्ज भरण्याच्या दिवशी सुरू करून चालत नाही. ती किमान एक वर्ष आधी सुरू करावी लागते.

राजधानीची सोय आणि तिची मर्यादा

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरिदाबाद येथे राहणाऱ्या कुटुंबांना एक मोठी सोय आहे. बहुतेक देशांचे दूतावास चाणक्यपुरीत आणि आसपास आहेत. शिक्षणविषयक मार्गदर्शन करणारे अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठान हेली रोडवर आहे. कागदपत्रांचे प्रमाणीकरण करणारे परराष्ट्र मंत्रालय येथेच आहे आणि जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक पडताळणी करणारे केंद्रही नवी दिल्लीतच आहे. मुंबईच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला ज्यासाठी प्रवास करावा लागेल, ते येथे मेट्रोच्या एका तिकिटात होते.

मात्र या सोयीमुळे एक गैरसमजही निर्माण होतो. कार्यालय जवळ असले म्हणून काम लवकर होते असे नाही. कारण त्या कार्यालयात सादर करावयाचा कागद अनेकदा दूर गावी असतो. वडिलांच्या बदलीमुळे मुलाची दहावी नाशिकला, बारावी नोएडात आणि पदवी पुण्यात, अशी स्थिती मराठी कुटुंबांत सर्रास आढळते. अशा वेळी तीन ठिकाणांहून कागद गोळा करावे लागतात, आणि वेळ जातो तो तेथेच.

आधी पात्रता, मग अर्ज

प्रत्येक देशाची शिक्षणपद्धती निराळी असल्याने पहिला प्रश्न असा असावा : हाती असलेले प्रमाणपत्र त्या देशात प्रवेशास पुरेसे आहे काय?

जर्मनीत केवळ बारावीच्या गुणांवर सामान्यतः थेट पदवी प्रवेश मिळत नाही. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते किंवा तेथील पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण सोळा वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवतात. भारतातील तीन वर्षांची पदवी धरून ती पंधराच भरतात. काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. दिल्ली विद्यापीठाने २०२२-२३ पासून चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला असून त्याची पहिली तुकडी २०२५ मध्ये चौथ्या वर्षात गेली. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडावे की चौथे वर्ष पूर्ण करावे, हा निर्णय परदेशी जाण्याचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने याच हिशेबाने घ्यावा.

तारखाही देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज यूकास या एकाच यंत्रणेमार्फत होतात व विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बहुतेक इतर अभ्यासक्रमांची जानेवारीत. अमेरिकेत पदवीसाठीचे लवकरचे अर्ज साधारणतः नोव्हेंबरच्या सुरुवातीस व नियमित अर्ज जानेवारीच्या आसपास घेतले जातात. पदव्युत्तर अर्जांच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी आदल्या उन्हाळ्यातच इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांची निवड आणि शिफारसपत्रांची विनंती उरकलेली असावी. आयईएल्ट्स व टोफेल यांचे निकाल दोन वर्षे, तर जीआरईचा निकाल पाच वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यामुळे परीक्षा लवकर दिल्याने नुकसान काहीच होत नाही.

शिफारसपत्राचे महत्त्व आपल्याकडे कमी लेखले जाते. विभागप्रमुखांच्या सहीचे ठोकळेबाज पत्र निरुपयोगी ठरते. विद्यार्थ्याने कोणता प्रकल्प केला, कोणत्या अडचणीतून मार्ग काढला, हे स्वतः पाहिलेल्या अध्यापकाचे पत्र हवे. त्यांना किमान दीड-दोन महिन्यांचा अवधी देणे हा शिष्टाचारही आहे आणि शहाणपणही.

शिक्षणाचा पुरावा

गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि विद्यापीठाने मोहोरबंद लिफाफ्यात दिलेली ट्रान्सक्रिप्ट हे तीन मूळ कागद. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि परीक्षांच्या हंगामात तिला विलंब होतो.

जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र अनिवार्य करण्यात आले आहे. नवी दिल्लीतील केंद्र विद्यार्थ्याच्या शैक्षणिक कागदपत्रांची सत्यता तपासून हे प्रमाणपत्र देते. त्यावाचून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. पडताळणीला वेळ लागत असल्याने प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता हा अर्ज आधीच करणे हिताचे असते.

काही देश कागदपत्रांवर ‘अपोस्टिल’ मागतात. हेग येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये २००५ पासून भारतात ही पद्धत लागू आहे. अंतिम शिक्का परराष्ट्र मंत्रालयाचा असला, तरी शैक्षणिक कागदावर त्याआधी ज्या राज्यातून तो कागद दिला गेला, त्या राज्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण लागते. पुण्याची पदवी असेल तर दिल्लीत राहणाऱ्यालाही महाराष्ट्र शासनाकडेच आधी जावे लागते. मंत्रालय हे अर्ज नेमलेल्या संस्थांमार्फत स्वीकारते.

याहून किरकोळ वाटणारी, परंतु सर्वाधिक मनस्ताप देणारी बाब म्हणजे नाव. महाराष्ट्राच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव प्रथम येते, मधले नाव वडिलांचे असते. पारपत्रात आडनाव व नाव यांचे रकाने वेगळे असतात. केंद्रीय बोर्डाच्या प्रमाणपत्रात मधले नाव गाळलेलेही असू शकते. आईचे नाव जन्मदाखल्यात एक, बँक खात्यात दुसरे आणि आधारपत्रात इंग्रजी अक्षरांच्या वेगळ्या घाटाने लिहिलेले असते. ज्या वेळी आईच्या ठेवीवर शिक्षणाचा खर्च दाखवायचा असतो, त्या वेळी ‘ही ठेवीदार व विद्यार्थ्याची आई एकच’ हे सिद्ध करण्याची वेळ येते. राजपत्रातील नावबदल, प्रतिज्ञापत्र किंवा खात्यातील दुरुस्ती यांपैकी जे आवश्यक असेल ते वर्षभर आधी करून घेणे सोपे असते. व्हिसाच्या तारखेला आठ दिवस उरले असताना ते अशक्यप्राय होते.

पैशाचा पुरावा : रक्कम आणि तिचा काळ

व्हिसा अधिकारी पैसा किती आहे एवढेच पाहत नाहीत. तो किती दिवसांपासून आहे आणि कोठून आला, हेही पाहतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून घेऊन खात्यात भरलेली मोठी रक्कम म्हणूनच संशयास पात्र ठरते.

ब्रिटनचा नियम या दृष्टीने बोलका आहे. शिल्लक असलेले शुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा ठरवून दिलेला खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. या कालावधीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला असला पाहिजे. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून होते. पैसे पालकांच्या खात्यात असतील तर नात्याचा दाखला व त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. याशिवाय विद्यार्थ्यांना दर वर्षाला ७७६ पौंड या दराने आरोग्य अधिभार व्हिसाच्या संपूर्ण काळासाठी आगाऊ भरावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक वास्तव्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीही करावी लागते.

जर्मनीत एका वर्षासाठी ११,९०४ युरो विशेष खात्यात जमा ठेवावे लागतात. तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. कॅनडाने १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी राहण्याच्या खर्चाची किमान मर्यादा २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली आहे. शुल्क व प्रवासखर्च त्याव्यतिरिक्त. अमेरिकेत विद्यापीठ पहिल्या वर्षाचा खर्च भागेल याचा पुरावा पाहूनच आय-२० हा दाखला देते आणि त्यानंतर व्हिसाची प्रक्रिया सुरू होते. हे आकडे सरकारे वेळोवेळी बदलतात. अर्जाच्या दिवशी संबंधित सरकारच्या संकेतस्थळावरील आकडा अंतिम समजावा.

शैक्षणिक कर्ज आणि तारण

भारतीय बँक संघाने २००१ साली आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेच्या धर्तीवर बँका कर्ज देतात. सर्वसाधारण चौकट अशी : चार लाख रुपयांपर्यंत विद्यार्थ्याचा स्वतःचा हिस्सा लागत नाही, त्यावर परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के हिस्सा कुटुंबाने उचलावा लागतो, तोही दरवर्षीच्या खर्चाच्या प्रमाणात. शिष्यवृत्तीची रक्कम या हिश्शात धरली जाते. साडेसात लाखांपेक्षा अधिक कर्जास सामान्यतः तारण लागते. निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका ही अट शिथिल करतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते आणि पंधरा वर्षांपर्यंत करता येते. पालक सहकर्जदार असतात.

राजधानी परिसरातील कर्जप्रकरणे अडतात ती बहुधा तारणापाशी. दिल्लीतील अनेक घरांचे व्यवहार वर्षानुवर्षे केवळ मुखत्यारपत्रावर झाले. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले. घरात वीस वर्षे राहत असलो तरी नोंदणीकृत खरेदीखत नसेल, तर ते घर तारण म्हणून उभे राहत नाही. नोएडातील सदनिका प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवर असतात. तेथे गहाण ठेवण्यास प्राधिकरणाची अनुमती लागते, आणि ज्या इमारतींत खरेदीदारांच्या नावे नोंदणीच झालेली नाही, तेथे प्रश्न आणखी बिकट होतो. अशा वेळी पालकांना गावाकडची जमीन आठवते. परंतु सातबाऱ्यावरील शेतजमीन थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने बँका ती सहसा स्वीकारत नाहीत. मुदतठेव, विमा पॉलिसीचे समर्पणमूल्य, राष्ट्रीय बचत पत्रे किंवा महाराष्ट्रातील बिगरशेती, नोंदणीकृत घर हे पर्याय तुलनेने सुलभ आहेत. मालमत्तेच्या दस्तांची साखळी वकिलाने तपासायला आणि मूल्यांकन व्हायला काही आठवडे जातात. म्हणून हे दस्त प्रवेशपत्र येण्याच्या आधीच शाखेत दाखवून घ्यावेत.

कर्ज किती घ्यावे, हा प्रश्न कर्ज किती मिळते यापेक्षा महत्त्वाचा आहे. समजा, वीस लाख रुपये दहा टक्के दराने घेतले आणि सोपेपणासाठी ते सुरुवातीलाच सर्व उचलले असे धरले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम व पुढचे एक वर्ष मिळून सरळव्याजाने सहा लाख रुपये व्याज होते. ते मुद्दलात मिळवल्यास सव्वीस लाखांवर दहा वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ३४,३६० रुपये येतो. हेच व्याज, म्हणजे दरमहा सुमारे १६,६७० रुपये, पालकांनी शिक्षण चालू असतानाच भरले, तर वीस लाखांवरील हप्ता सुमारे २६,४३० रुपये राहतो. दरमहा जवळजवळ आठ हजारांचा हा फरक नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जाणवणारा असतो. शिवाय परदेशात नोकरी मिळाली नाही आणि भारतातील वेतनावर हप्ता फेडावा लागला, तर तो झेपेल काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावा. जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यास व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

परकीय चलन आणि कर

उदारीकृत विप्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. फेब्रुवारी २००४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा केवळ पंचवीस हजार डॉलर होती. वित्तीय संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या शुल्कावर एप्रिल २०२५ पासून टीसीएस कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून पाठवल्यास वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, त्यावरील भागावर त्या वर्षी लागू असलेल्या दराने लागतो. हा वेगळा कर नव्हे; विवरणपत्रात तो देय करातून वळता करून घेता येतो. तथापि रक्कम काही महिने अडकून पडते, याची तरतूद ठेवावी.

डॉलरचा भाव डिसेंबर २०२५ मध्ये नव्वद रुपयांपलीकडे गेला. शुल्क तीस हजार डॉलर असेल तर भाव एका रुपयाने वाढताच खर्च तीस हजार रुपयांनी वाढतो. अंदाजपत्रक आखताना आजच्या भावापेक्षा चार-पाच रुपये अधिक धरणे हा सावधपणा होय.

विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी गेला की परकीय चलनविषयक नियमांनुसार तो अनिवासी समजला जातो. त्याचे येथील बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे. ही गोष्ट बहुतेक कुटुंबे विसरतात.

मध्यस्थ आणि मुलाखत

सल्लागाराची मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र अर्जातील मजकूर आणि कागद यांची जबाबदारी शेवटी विद्यार्थ्याचीच राहते. २०२३ साली कॅनडातील अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर, मध्यस्थांनी दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाल्याने, तेथून बाहेर काढले जाण्याची टांगती तलवार आली. त्यांपैकी काहींनी शिक्षण पूर्ण करून नोकरीही धरली होती. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा थेट शिक्षणसंस्थेकडून करण्याची पद्धत सुरू केली. यातून घ्यावयाचा बोध असा : अर्जाचा ई-मेल पत्ता व पासवर्ड विद्यार्थ्याकडेच असावा, शुल्क संस्थेच्या खात्यातच भरावे आणि प्रवेशपत्राची खात्री संस्थेला स्वतः लिहून करून घ्यावी. ‘खात्यात तात्पुरती रक्कम दाखवून देतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. खोटा कागद उघडकीस आल्यास केवळ तो अर्ज नव्हे, तर पुढील अनेक वर्षांचे अर्जही धोक्यात येतात.

अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत होते. शिक्षण संपल्यावर परतण्याचा हेतू पटला नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवावी लागतात. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा हाच अभ्यासक्रम का, खर्च कोण करणार आणि पुढे काय, या तीन प्रश्नांची स्वतःच्या शब्दांतील उत्तरे अधिक उपयोगी पडतात.

शिष्यवृत्त्या आणि परतीचा विचार

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासासाठी ती मिळते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे; तिला महाराष्ट्राचे अधिवास लागते. दिल्लीत वाढलेल्या मुलांनी ही अट आधी तपासावी. याखेरीज अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, ब्रिटनसाठी चीव्हनिंग, जर्मनीसाठी डाड आणि १८९२ पासून कर्जरूपाने साहाय्य देणारी जे. एन. टाटा एन्डाउमेंट हे मार्ग आहेत. यांतील बऱ्याच शिष्यवृत्त्यांची मुदत विद्यापीठांच्या मुदतीपेक्षाही आधी संपते.

परतून भारतात व्यवसाय करावयाचा असल्यास पदवीची मान्यता आधीच पाहावी. वैद्यकीय शिक्षणासाठी २०२१ च्या विनियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. नीटचाही निकाल लागतो. इतर परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये विनियम अधिसूचित केले आहेत.

पालकांनी पहिल्या भेटीत शाखेत पुढील कागद आणावेत : विद्यार्थ्याचे पारपत्र व गुणपत्रिका, पालकांची दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, तारणाचे दस्त आणि निवडलेल्या विद्यापीठांचा खर्चाचा अंदाज. प्रवेशपत्र नंतर आणले तरी चालते. वर्षभर आधी आलेल्या पालकाला अधिकारी दस्तातील त्रुटी दाखवू शकतात, आणि ती दुरुस्त करण्यास अवधीही असतो. प्रवेश हाती घेऊन शेवटच्या पंधरवड्यात आलेल्या पालकाला तीच त्रुटी सांगताना अधिकाऱ्यालाही वाईट वाटते; पण तोवर बँकेच्या हाती फारसे काही उरलेले नसते.